लासलगावचा रविवार

स्थळांच्या याद्या चाळताना मुलीकडची मंडळी हल्ली आधी गावाचे नाव पाहतात. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर असे नाव असेल तर बायोडेटा पुढे वाचला जातो. निफाड तालुक्यातील लासलगाव दिसले, की पान उलटते. घराणे चांगले, पेढी जुनी, मुलगा पदवीधर आणि निर्व्यसनी, हे सारे मान्य करूनही एक प्रश्न उरतो आणि तो बहुधा मुलीची आई विचारते : “आमची मुलगी तिथे दिवसभर करील काय, आणि रविवारी जाईल कुठे?” परिचय संमेलनांत हा प्रश्न इतक्या वेळा कानी पडला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे असे वाटले. लासलगावची भलामण करण्याचा हेतू नाही. गावात उणे काय आहे ते गावकऱ्यांना शहरवासीयांपेक्षा अधिक ठाऊक असते.

लासलगावचा दिवस बाजार समितीच्या घड्याळावर चालतो. १ एप्रिल १९४७ रोजी ही समिती स्थापन झाली आणि पुढे कांद्याची आशियातील सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून तिचा लौकिक झाला. दिवस उजाडताच ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पिकअप आवारात रांगा धरतात. लिलाव सुरू झाला, की समितीचे कर्मचारी आणि व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो. व्यापारी ओंजळभर कांदा उचलतो, रंग पाहतो, पत्ती पाहतो, अंगठ्याने मान दाबून पाहतो. बोली चढते आणि काही क्षणांत क्विंटलचा भाव ठरतो. मग वजनकाटा, आणि तिथून माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर. खळ्यावर बायका ओळीने बसून निवड करतात. मोठा माल एकीकडे, गोल्टी दुसरीकडे, जोड आणि खाद आणखी वेगळी. गोण्या शिवल्या जातात, ट्रक भरले जातात. रेल्वेचा रेक लागलेला असेल तर धांदल दुप्पट होते. शेतकऱ्याचे पैसे चुकते करून, हमाली-तोलाईचा हिशेब मिटवून तरुण व्यापारी घरी पोहोचतो तेव्हा गावातली बहुतेक दुकाने मिटलेली असतात.

या दिनक्रमात जैन घरापुढे एक अडचण उभी राहते, ती चौविहाराची. सूर्यास्तानंतर अन्नपाणी घ्यायचे नाही आणि काम तर सूर्यास्तापूर्वी संपत नाही. म्हणून संध्याकाळी पाचच्या सुमारास घरातून खळ्यावर डबा निघतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातनंतर. त्या मानाने डब्याची वेळ मागेपुढे होते. कांद्याच्या टरफलांनी भरलेल्या वाऱ्यात, काट्याशेजारच्या छोट्या खोलीत बसून तो मुगाची खिचडी खातो, घड्याळाकडे पाहत पाणी पितो आणि पुन्हा गोण्या मोजायला उठतो. त्या खिचडीत अर्थातच कांदा नसतो.

बाहेरच्या पाहुण्यास याचे फार नवल वाटते. ज्या कांद्यावर घर उभे आहे, तो घराच्या उंबऱ्याआत येत नाही! आपल्या वाचकांस अनंतकायाचा विचार नव्याने सांगण्याची गरज नाही. कंदात एका शरीराच्या आश्रयाने अनंत जीव राहतात ही आपली श्रद्धा, आणि चाळीत पडलेला कांदा जमिनीत न पुरताही कोंब काढतो हे खळ्यावरच्या माणसाइतके कोणी डोळ्यांनी पाहिलेले नसते. कोंब येऊ नये म्हणून भाभा अणु संशोधन केंद्राने २००२ मध्ये याच गावी किरणोत्सारी प्रक्रियेचे केंद्र सुरू केले. पुढे अमेरिकेत जाणारे आंबेही तिथून प्रक्रिया होऊन गेले. मात्र सर्व घरे सारखी नाहीत, हेही प्रांजळपणे लिहिले पाहिजे. काही घरांत कांदा कधीच शिजत नाही, काही घरांत फक्त चातुर्मासात आणि पर्युषणात वर्ज्य असतो, तर काही घरांतली तरुण मंडळी बाहेर खातात आणि घरी बोलत नाहीत. नव्या सुनेला या घराची रीत नेमकी कोणती, हे पहिल्या आठवड्यातच उमगते.

माझ्या परिचयातील एका जोडप्याचे उदाहरण घेतो. ती पुण्याची, वाणिज्य शाखेची पदवीधर, लग्नापूर्वी एका सनदी लेखापालाच्या कार्यालयात काम करणारी. तो इथलाच, तिसऱ्या पिढीचा कांदा व्यापारी. लग्न मे महिन्यात झाले आणि उन्हाळ कांद्याची आवक तेव्हाच भरात असते. काश्मीरला जाण्याचा बेत आधी जूनवर, मग पावसावर आणि अखेर दिवाळीनंतरवर गेला. दिवाळीनंतर लाल कांदा आला. कांद्याला हंगाम एक असता तर गोष्ट वेगळी होती. पण खरिपाचा लाल, मागाहून येणारा रांगडा आणि उन्हाळ्यातला टिकाऊ, असा वर्षभर फेरा चालू राहतो. पहिली काही महिने ती दुपारभर गच्चीच्या कठड्याशी उभी राहून रस्त्यावरचे ट्रॅक्टर मोजी, असे तिने पुढे हसत सांगितले. सासूबाई चतुर होत्या. त्यांनी एक दिवस पेढीच्या जीएसटीच्या कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “बेटा, हे जरा बघशील का? आमच्या मुनीमजींना आता दिसत नाही.” आज पेढीचे सगळे हिशेब, बँकेचे व्यवहार आणि निर्यातीचे कागद तीच पाहते. दिवसभर करील काय, या प्रश्नाचे हे एक उत्तर. ते प्रत्येक घरी मिळेलच असे नाही. सुनेला पेढीवर बसू द्यायला आजही कचरणारी घरे आपल्यात आहेत, आणि मुली लासलगावला नाही म्हणतात तेव्हा त्या गावाला नव्हे, अशा घरांना नाही म्हणत असतात, असे माझे मत आहे.

आता रविवार. त्या दिवशी लिलाव बंद असतात. खळ्यावर मागचा माल भरणे चालू राहते, पण तरुण माणसाला चार-सहा तास मोकळे मिळू शकतात. या तासांना दोन मर्यादा. सकाळी नवकारसी, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे, आल्याशिवाय तोंडात काही घालायचे नाही. संध्याकाळी सूर्यास्ताआधी जेवण आटोपायचे. रात्रीचे जेवण बाहेर घेणे हा जो शहरी सुटीचा गाभा, तो इथे नाहीच. त्यामुळे इथली जोडपी पहाटे निघतात, आणि या एका गोष्टीमुळे त्यांच्या वाट्याला जे येते ते उशिरा उठणाऱ्यांच्या वाट्याला येत नाही.

डब्यात खाखरे, दशम्या, गोड लोणचे, कच्च्या केळ्याची सुकी भाजी. थर्मासमध्ये उकळून गार केलेले पाणी. महामार्गावरच्या हॉटेलांवर ‘जैन थाळी मिळेल’ अशा पाट्या आता पुष्कळ दिसतात, तरी सासूबाईंचा त्या पाटीपेक्षा डब्यावर विश्वास अधिक.

हिवाळ्यातले पहिले ठिकाण नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटे तयार झाली आणि पक्ष्यांनी ती जागा आपली केली. रामसर यादीत गेलेली ही महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा; २०२० च्या प्रारंभी ते जाहीर झाले. निफाड तालुक्याची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले तापमान हिवाळ्यात वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येते. अशा पहाटे चापडगावच्या बाजूने मनोऱ्याकडे चालत जावे, धुके उठू लागावे आणि चक्रवाकांची जोडी ओरडत पाण्यावर उतरावी. आपली रविवार-मंडळी इथे नवकारसीची वेळ होईपर्यंत गप्प बसून पक्षी पाहतात. शिकारीला बंदी असलेले पाणी जैन माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरे ठिकाण अंकाई-टंकाई. येवला तालुक्यात मनमाडच्या वाटेवर हे जोडकिल्ले आहेत. लासलगावहून तासा-सव्वातासाचा रस्ता. अंकाईवर अगस्ती ऋषींचे स्थान म्हणून भाविक जातात, दुर्गप्रेमी तिथली दरवाज्यांची मालिका पाहतात. पण आपल्या लोकांनी टंकाईच्या दक्षिणेकडील कड्यात कोरलेली जैन लेणी पाहावीत. अंकाई गावातून वर निघाले, की थोड्याच चढणीवर ती लागतात. अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराची ही लेणी. काही दोन मजली, खांबांवर दाट कोरीव काम, एका छतावर पाकळ्यांची वलये एकात एक फिरत गेलेले भले मोठे कमळ. दालनात हत्तीवर बसलेला इंद्र आणि सिंहावर बसलेली अंबिका. झीज आणि भंग पुष्कळ झाला आहे. ही दिगंबर परंपरेची लेणी, आणि लासलगावची बहुसंख्य घरे स्थानकवासी. मूर्तीपुढे वंदन करण्याची त्यांची रीत नाही. पण त्या पुण्याच्या मुलीने तिथे पहिल्यांदा नवऱ्याला विचारले, “आठशे-नऊशे वर्षांपूर्वी इथे एवढा खर्च कोणी केला असेल?” आणि व्यापाऱ्याच्या मुलाने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, “ज्यांचे बैल या खिंडीतून जात होते त्यांनी.” उत्तर मला पटले. देश आणि खानदेश यांच्यामधल्या घाटवाटांवर नजर ठेवणारा हा डोंगर आहे, आणि व्यापारी तांडे जिथे थांबत तिथेच लेण्यांना दाते मिळत. आजही डोंगराखालून मनमाड-दौंड लोहमार्ग जातो. त्या मार्गावरून आपल्याच गावचा कांदा दक्षिणेकडे जात असेल, असे म्हणत दोघे दशम्या सोडून बसले, हे तिने सांगितलेले मला तेवढेच आवडले.

चांदवड जवळचे, वीसेक किलोमीटरवरचे. होळकरांचा रंगमहाल, रेणुकामातेचे मंदिर आणि डोंगरातले चंद्रप्रभ स्वामींचे लेणे एका सकाळीत होते. १९२८ मध्ये स्थापन झालेला श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम म्हणजे आजचे विस्तीर्ण शैक्षणिक संकुल. परिसरातील कितीतरी जैन घरांतले आजोबा तिथल्या वसतिगृहात वाढले. त्यामुळे चांदवडची सहल पुष्कळदा आजोबांना गाडीत घेऊनच होते आणि नवरा-बायकोला एकमेकांशी बोलायला फारसे मिळत नाही! येवल्याला पैठणीसाठी जाणे हा लग्नसराईचा विधी. इथे मात्र हल्लीच्या मुलींपैकी काही जणी रेशमाच्या किड्यांचा प्रश्न काढतात आणि हातमाग पाहून, विणकराशी बोलून, साडी न घेता परततात. सासवांना हे रुचत नाही. मला मुलींचे म्हणणे अधिक सुसंगत वाटते. कंद सोडणाऱ्याने कोषाचाही विचार करावा, यात वावगे काय?

नाशिकबद्दल थोडेच लिहितो. साठेक किलोमीटरवर आहे, पंचवटी एक्सप्रेस लासलगावला थांबते, चित्रपटगृहे आणि मॉल आहेत, विल्होळीचे धर्मचक्र तीर्थ आणि म्हसरूळचे गजपंथ आहे. नाशिकचा रविवार कोणत्याही शहराच्या रविवारासारखाच असतो.

एका सहलीला मात्र सहल म्हणावे की नाही, असा प्रश्न पडतो. चातुर्मास संपला, की महासतीजींचा विहार सुरू होतो. स्थानकात मांगलिक होते आणि पहाटेच्या अंधुक उजेडात पांढऱ्या वस्त्रांची रांग विंचूरच्या रस्त्याला लागते. महामार्गांवर साधु-साध्वींना वाहनांनी उडवल्याच्या बातम्या आपण अलीकडे वारंवार वाचतो. म्हणून गावोगावी तरुणांनी विहारसेवा सुरू केली आहे. लासलगावची तरुण जोडपी यात उतरतात. सुना महासतीजींच्या बरोबर चालतात, मुले पुढे-मागे चमकणारी जाकिटे घालून कांद्याच्या ट्रॉल्यांना हात दाखवत राहतात. सात-आठ किलोमीटर अनवाणी चालणाऱ्या वृद्ध साध्वीच्या पावलाला पाऊल जुळवायचे म्हणजे फार हळू चालावे लागते. त्या मुलीने मला सांगितले, की लग्नानंतर आपल्या नवऱ्याला मोबाइल खिशात ठेवून दोन तास चालताना तिने प्रथम पाहिले ते या रस्त्यावर. विंचूरला पोहोचल्यावर वंदना करून दोघे रिक्षाने परतले आणि त्याच दिवशी, परतीच्या वाटेवर, ती नाशिकला राहायला जायचे की नाही याविषयी प्रथम उघडपणे बोलली.

वर्षातून एकदा मात्र लांबचा रविवार काढायचा, आणि तो मांगीतुंगीचा. लासलगाव, चांदवड, देवळा, सटाणा, ताहाराबाद असा शंभरावर किलोमीटरचा रस्ता. सूर्योदयापूर्वी निघावे लागते, कारण हजारो पायऱ्या चढून, उतरून, पायथ्याशी सूर्यास्ताआधी जेवायचे असते. बागलाणातल्या या दोन सुळक्यांवरून नव्व्याण्णव कोटी मुनी मोक्षाला गेले असे निर्वाणकांड सांगते. फेब्रुवारी २०१६ मध्ये इथे डोंगरात कोरलेल्या भगवान ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीची प्रतिष्ठा झाली. आर्यिका ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने उभी राहिलेली ही मूर्ती दुरून पाहिली, की आधी डोंगर दिसतो आणि मग डोंगरात डोळे उघडावेत तशी मुद्रा दिसू लागते. बहुतेक यात्रेकरू तिचे दर्शन घेऊन परततात. माझे सांगणे असे, की पाय साथ देत असतील तर मांगीच्या सुळक्यापर्यंत जावे. तिथे बलभद्रांची म्हणून जी मूर्ती दाखवतात, तिचे तोंड कड्याकडे आहे. आपल्याला दिसते ती पाठ.

त्यामागची कथा अशी. श्रीकृष्णाच्या वियोगानंतर बलभद्रांनी दीक्षा घेतली. ते आहारासाठी नगरात आले असता विहिरीवर पाणी भरणारी एक स्त्री त्यांच्या रूपाकडे पाहतच राहिली आणि त्या भानरहित अवस्थेत तिने दोराचा फास घागरीऐवजी जवळच्या लेकराच्या गळ्यात अडकवला. मुनींनी तिला सावध केले. पण त्यानंतर, आपल्या रूपामुळे कोणाचा घात होऊ नये म्हणून, नगरात जायचेच नाही असा नियम त्यांनी केला. वनात जे मिळेल त्यावर राहिले, न मिळाले तर उपवास.

ही कथा त्या जोडप्याने वर एका वयोवृद्ध यात्रेकरूच्या तोंडून ऐकली. बरोबर चार वर्षांचा मुलगा होता. तिने त्याला एकदम जवळ ओढले. उतरताना तो मुलगा विचारत राहिला, की देव भिंतीकडे का बघतात. बापाने त्याला सगळ्या पायऱ्या खांद्यावरून उतरवले; आठवडाभर गोण्यांच्या हिशेबात असणारा हा बाप मुलाला झोपलेलाच पाहत असे. पायथ्याच्या धर्मशाळेत साडेपाचला जेवण झाले. गाडी सटाण्याच्या पुढे आली तेव्हा अंधार पडला होता आणि मागच्या बाकावर ती दोघे, मायलेक, झोपली होती.

हे सारे लिहिताना २०२३ चे वर्ष विसरून चालणार नाही. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. २० सप्टेंबरपासून नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले आणि सुमारे दोन आठवडे आवारात शुकशुकाट होता. डिसेंबरात निर्यातबंदीच आली. ती पुढच्या मे महिन्यात उठली, पण शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडले. त्या सप्टेंबरात रोजच रविवार होता, आणि कोणी कुठेही गेले नाही. शेतकरी व्यापाऱ्यावर रागावलेला, व्यापारी सरकारवर. घरोघरी मुले सायंकाळच्या उजेडात वडिलांबरोबर जेवत होती आणि वडिलांचे ताटाकडे लक्ष नव्हते. परदेशातल्या ग्राहकाला माल पाठवता येत नसल्याचे निरोप त्या मुलीलाच लिहावे लागले. तिच्या आईचा पुण्याहून रोज फोन येई : “नाशिकला तरी या.”

पुष्कळ घरे तसे करतात. कुटुंब नाशिकला, व्यापारी सकाळी गाडीने लासलगावला, रात्री परत. मुलांची शाळा चांगली होते, सुनेला मोकळीक मिळते. बापाचे दीड-दोन तास रस्त्यावर जातात, आणि चौविहार बहुधा सुटतो, कारण खळ्यावर डबा पाठवायला गावात कोणी उरत नाही. स्थानकातल्या प्रतिक्रमणाला गेल्या काही वर्षांत जी आसने कमी झाली ती कुठे गेली, हे संघाच्या ज्येष्ठांना नावानिशी सांगता येते. तरुणांना दोष देऊन ती परत येणार नाहीत. गावात चांगली इंग्रजी शाळा, रात्री बोलावल्यास येणारा बालरोगतज्ज्ञ, सुनेला पेढीवर हक्काची खुर्ची, एवढे असेल तर पुण्याची मुलगी लासलगावला नांदते, हे निदान एका घरी मी पाहिले आहे. या तीनपैकी एक गोष्ट आपल्या हातची आहे. उरलेल्या दोहोंसाठी संघाला पैसे काढावे लागतील, आणि कांद्याच्या चांगल्या वर्षात ते निघू शकतात.

त्या जोडप्याचा मुलगा येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. नाशिकला गंगापूर रोडला एक सदनिका त्यांनी पाहून ठेवली आहे, बयाणा दिलेला नाही. सासूबाई म्हणतात, दिवाळीनंतर ठरवू. तो काही म्हणत नाही. तिने या हिवाळ्यासाठी दुर्बीण मागवली आहे.